झाडाला जीन घालणारे माणिकमामा

माणिकमामांची आणि माझी ओळख माझ्या चपलेनं करून दिली. अहमदपूरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर टायपिंगचा क्लास काढायचा म्हणून मी खोली बघायला गेलो होतो. शेजारच्या दुकानात एक काटकुळे गृहस्थ मांडीवर नवारीचा पट्टा घेऊन शिवत बसले होते. मान वर न करताच ते म्हणाले, "उजवी बोलायली तुमची."

मला वाटलं, झालं, शेजार वेड्याचा मिळाला. पण त्यांनी मला उजवी चप्पल काढायला लावली, कानाशी नेऊन दोनदा वाकवली, अंगठ्याजवळचा एक टाका उसवला, दुसरा घातला आणि चप्पल माझ्यापुढं टाकली. "जा आता. कुठं गेलात, कवा आलात, बायकोलाबी कळणार न्हाई." माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं. पण चप्पल खरंच मुकी झाली, आणि मी ती खोली घेतली.

मामा जीनगर. आडनाव तेच आणि पिढीजात धंदाही तोच, घोड्याचं जीन करायचा. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात जमादारांच्या आणि जहागीरदारांच्या घोड्यांना जीन करून द्यायचे. पुढं निजाम गेला, जहागिऱ्या गेल्या, घोडे गेले. वडिलांच्या हातचं एक जीन तेवढं दुकानात खुंटीला टांगलेलं राहिलं. त्याच्या पोटाशी वडिलांचा शिक्का उठवलेला होता. मामा रोज सकाळी दुकान झाडायच्या आधी ते पुसायचे, मग उदबत्ती लावायचे, आणि मग दिवसभर सायकलीची सीटं, दप्तरं आणि जीपच्या गाद्या शिवायचे.

त्यांच्या हातची कुठलीही वस्तू वाजायची नाही. हा त्यांचा धर्म होता म्हणा, रोग होता म्हणा. "वाजलं म्हंजे समजायचं, दोघांचं पटंना," असं ते म्हणायचे, आणि हे वाक्य ते सायकलीच्या सीटपासून नवराबायकोपर्यंत सगळ्यांना लावायचे. लोकांच्या घरी गेले की आधी दाराच्या बिजागरीला तेल घालायचे, मग रामराम. वरातीत सगळं गाव नवरदेवाकडं बघायचं. मामा घोड्याच्या पोटाशी कान नेऊन चालायचे. एकदा एका नवरदेवाला त्यांनी भर वरातीत खाली उतरवलं आणि घोड्याच्या पोटाखालचा तंग, म्हणजे जिनाचा पट्टा, आवळून पुन्हा चढवलं. मुहूर्त टळला म्हणून मुलीचा बाप पुढं कैक दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता. मामांचं म्हणणं एवढंच, की तसं वाजत गेला असता तर संसार कसा झाला असता.

असल्या माणसाच्या शेजारी मी टायपिंगच्या आठ मशिनी मांडल्या. आणि त्याच सुमाराला आमचा लातूर जिल्हा नवीन झालेला. आधी आमचा जिल्हा उस्मानाबाद. एका दाखल्यासाठी दोन दिवस मोडायचे. आता नवा जिल्हा म्हणजे नवी हापिसं, नवी हापिसं म्हणजे नवे कारकून, हे गणित करून तालुक्यातली झाडून सारी पोरं टायपिंग शिकायला आली. सकाळी सातपासून आठ मशिनी अशा बडवल्या जायच्या की भिंतीचा चुना गळायचा. चौथ्या दिवशी मामा आत आले. मी मनाशी भांडणाची तयारी करून उठलो. त्यांच्या हातात जुन्या घोंगडीचे आठ चौकोनी तुकडे होते. एकेक मशीन उचलून त्यांनी खाली एकेक तुकडा सारला, कान देऊन ऐकलं, तिसऱ्या मशिनीखालचा काढून दुमडून पुन्हा घातला, आणि गेले. आवाज निम्मा झाला. पैसे विचारले तर म्हणाले, "माझ्या कानासाठी केलंय, तुमच्यासाठी न्हाई."

आता मामांच्या झाडावरच्या बैठकीचं सांगतो. तिच्याचपायी मी हे लिहायला बसलो आहे.

जवळच्याच एका गावात एक देशमुख होते. सगळे त्यांना मालक म्हणायचे. जमिनीच्या सीलिंगच्या कायद्यानंतर मालकी म्हणावी असं काही उरलं नव्हतं, मिशा आणि एक बारा बोरची बंदूक तेवढी होती. मालकांना हरणाच्या शिकारीचा नाद. त्यांचा नेम असा, की ज्या हरणावर त्यांनी बंदूक धरली त्याला हमखास म्हातारपण यायचं. बहात्तर साली शिकारीवर बंदी आली, पण मालकांनी ती मनावर घेतली नाही. बंदी मारण्यावर होती, आणि मालकांनी आयुष्यात काही मारलंच नव्हतं.

मालक झाडावर बाज बांधून बसायचे. बाज चढवायची म्हणजे चार गडी, दोन शिड्या आणि पहाटेपर्यंत शिवीगाळ. तोवर हरणं नांदेड जिल्ह्यात पोचलेली असायची. बहात्तरच्याच मोठ्या दुष्काळात, मामांकडं काम नव्हतं तेव्हा, मालकांनी त्यांना बोलावून सांगितलं, "माणिक, एका गड्याला नेता येईल असं कायतरी कर."

मामांनी विचार केला. घोडा नाही, पण बसणारा आहे. मग झाडालाच जीन घालायचं. कंबरेखाली एक रुंद पट्टा, त्याची दोन्ही टोकं पुढं दोरात, दोर बुंध्याभोवती. माणसानं पाय झाडाला टेकवायचे आणि पट्ट्यात मागं रेलून बसायचं. हीच ती बैठक. पहिलं जीन त्यांनी अस्सल म्हशीच्या चामड्याचं केलं, पितळी बकलांसकट. वजन आठ किलो. मालक चढले, बसले, आणि हरणं समोर आल्यावर हललेही. पट्टा सरकला तो थेट काखेत. मालक दोन्ही हात वर आणि पाय खाली असे लोंबकळत राहिले. खालचा गडी झोपला होता. हाक मारली तर हरणं पळणार, म्हणून मालकांनी हाकही मारली नाही. हरणं मात्र पळाली नाहीत. मालक स्वतः सांगायचे, "काळवीट जवळ येऊन बघून गेलं की रे. मला तर वाटलं वास घेतंय."

खाली उतरवल्यावर मालकांनी लोंबकळण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाले, "माणिक, चामडं लई करकर करतंय." संपलं. मामांना जणू कुणी आईवरून शिवी दिली.

तेव्हापासून दहा-बारा वर्षं हा माणूस एकाच गोष्टीच्या मागं लागला होता: त्या बैठकीतला आवाज काढायचा आणि वजन काढायचं. पितळी बकलं वाजतात, म्हणून काढली आणि बैलाच्या शिंगाच्या खुंट्या घासून बसवल्या. अंबाडीचा दोर सालीवर घासून कुरकुरतो, म्हणून दोर आणि झाड यांच्यामध्ये घोंगडीची पट्टी आली. तूप लावून पाहिलं, तर मुंग्या लागल्या आणि मालक झाडावरून बंदूक टाकून उतरले. करंजाचं तेल लावलं, तर हरणांना वासच आला. चामड्याची जागा हळूहळू नवारीनं घेतली, आधी कडेला, मग मध्ये, आणि शेवटचा चामड्याचा टाका मी त्यांच्या शेजारी आल्यावर दुसऱ्या वर्षी निघाला. त्या दिवशी ते बैठक घेऊन समोरच्या किराणा दुकानात गेले आणि तराजूत टाकली. सव्वा किलो. दुकानदार म्हणाला, "एवढी तर माझी साखर निघती फाटक्या पोत्यातून." मामा दिवसभर हसत होते.

बैठक तपासायची तर बसून पाहिली पाहिजे. दुकानासमोर लिंबाचं झाड होतं. एका सकाळी मामा त्यात चढले, दोर टाकला, आणि जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर, मांडीत भाकरीची चवड घेऊन, डोळे मिटून बसले. कान लावून बसले, असं म्हणायला हवं. मी क्लासात होतो. नवा जिल्हा होऊन वर्ष लोटलं होतं आणि एकही मोठं हापिस अहमदपूरला आलं नव्हतं, त्यामुळं गावात कुरबूर चालू होती. मोंढ्यातल्या हमालांनी मामांना झाडावर पाहिलं. एकानं विचारलं, "मामा, कशापायी?" मामांनी बोटानं गप्प राहा अशी खूण केली. त्यानं जाऊन सांगितलं, की माणिकमामा झाडावर मौन धरून बसले आहेत. पुढच्यानं त्यात उपोषण घातलं. दहा वाजेपर्यंत लिंबाखाली सतरंजी आली, अकराला हार आला, आणि बाराच्या सुमाराला अप्पासाहेब आले.

अप्पासाहेब हे आमच्या भागाचे नवे पुढारी. जुन्या जिल्ह्यात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. नवा जिल्हा झाला आणि त्यांचं भाग्य उघडलं. त्यांनी झाडाखाली उभं राहून भाषण केलं, "माणिकरावांनी आपल्या तालुक्यासाठी अन्नाचा कणही वर्ज्य केला आहे." मी वर पाहिलं तर मामा भाकरीचा घास मोडत होते. भाषण न थांबवता अप्पासाहेबांनी ओठ न हलवता सांगितलं, "मामा, भाकर झाका."

मामांनी झाकली. बिचारे भिडेस्तव दोन तास आणखी बसले, कारण खाली एवढी माणसं आपल्यासाठी उन्हात उभी आहेत, त्यांचा पाणउतारा कसा करायचा. शेवटी अप्पासाहेबांनी आश्वासन दिलं, ते कुणाच्या वतीनं कोण जाणे, आणि मोसंबीचा रस पाजून उपोषण सोडवलं. गर्दी पांगल्यावर मामांनी मला कोपऱ्यात ओढलं. मला वाटलं, झाल्या प्रकारानं बावरले असतील. तर विचारतात, "मास्तर, खाली आवाज आला का हो?" मी म्हणालो, "मामा, दोनशे माणसं घोषणा देत होती." ते फार खिन्न झाले. "म्हंजे दिवस फुकट गेला."

त्यानंतर त्यांनी माणसांचा नाद सोडला आणि हरणांना परीक्षक केलं. गावाबाहेर कोसभरावर एक पाझर तलाव होता, त्याच्या काठी आंब्याचं झाड. मामा उजाडताना सायकलीवर तिकडं जायचे, झाडावर बसायचे आणि मी क्लास उघडेपर्यंत परत यायचे. आल्या आल्या निकाल सांगायचे. "आज तिघांनी कान उचलले." "आज एकीनंच, पण वळून पाह्यलं." मी एकदा बरोबर गेलो होतो. माझ्यासाठी त्यांनी दुसरी बैठक आणली होती. पंधरावीस हरणं आणि एक काळवीट पाण्यावर आलं. त्यातल्या एका मादीचा कान फाटलेला होता. मामा मुद्दाम या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर झाले. फाटका कान टकदिशी वर. मामांनी मान हलवली आणि डाव्या बाजूची एक गाठ चाचपली. "ही म्हातारी लई कडक हाय," परतताना ते म्हणाले. "बाकीच्या पास करत्यात, ही करंना." सासऱ्यानं सुनेबद्दल बोलावं तसं ते तिच्याबद्दल बोलत होते.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. पाऊस हुलकावणी देऊन गेला, मोंढा ओस पडला, विहिरींनी तळ दाखवला. तलाव आटत आटत आंब्यापासच्या एका डबक्यावर आला. चहूकडची हरणं त्या एकाच डबक्यावर यायला लागली. त्यांना दुसरीकडं पाणीच नव्हतं. आणि माघ सरताना एका सकाळी मामा सायकल टाकून माझ्या क्लासात घुसले. मुलं टाइप करत होती. "मास्तर, बंद करा जरा." मी बंद केलं. "आज कुणीच न्हाई. म्हातारीनंबी न्हाई. माझ्या खाली येऊन पाणी पेली, मी हललो, पुन्हा हललो, तिनं वर बघितलं न्हाई." त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी मोंढ्यात पेढे वाटले. लोक विचारायला लागले, मामा, नातू झाला का. मामा म्हणाले, "न्हाई, कान हलला न्हाई." लोकांनी पेढे खाल्ले आणि एकमेकांकडं बघितलं.

ही बातमी अप्पासाहेबांच्या कानावर गेली. अप्पासाहेबांनी लातूरला बंगला बांधला होता. दिवाणखान्याची एक भिंत रिकामी होती. तिथं काळविटाची शिंगं पाहिजेत असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांचा नेम मालकांसारखा नव्हता. जीपमधून त्यांनी दोन हरणं आधी पाडली होती, पण आता जीपचा आवाज आला की हरणं दिसेनाशी व्हायची. मालकांना बरोबर घेऊन ते मामांच्या दुकानात आले. मी तिथंच होतो. मी भीत भीत म्हणालो, "साहेब, हरीण मारायला बंदी आहे ना?"

"बंदी उस्मानाबाद जिल्ह्याला होती," अप्पासाहेब म्हणाले. "आपला जिल्हा नवीन आहे. ते कागद अजून आलेले नाहीत."

मालकांनी मान डोलावली. कायद्याचा इतका सोपा अर्थ मी नंतर कधीही ऐकला नाही.

अप्पासाहेब मामांना म्हणाले, "माणिकराव, बैठक चालली तर जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिला मान तुमचा. तुमच्या नावाचा शिक्का करून घ्या. मी सहीनिशी प्रमाणपत्र देतो, की ही बैठक वाजत नाही." मामांचा चेहरा मी पाहिला. वडिलांचा शिक्का होता, मामांचा कधीच नव्हता. सायकलीच्या सीटवर कोण शिक्का मारतो? त्यांनी साहेबांसाठी बैठक चार बोटं रुंद करायला घेतली आणि मला मजकूर सांगितला. "सदर बैठक बिलकुल आवाज करीत नाही" हे त्यांनी माझ्याकडून तीनदा टाइप करून घेतलं, कारण पहिल्या दोन वेळा "बिलकुल" सरळ ओळीत आलं नव्हतं.

कागद हातात घेऊन ते बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, साहेब बसून काय करणार?"

"मारणार, मामा. आणखी काय."

"मालकबी बसायचेच की."

"मालकांचं वेगळं होतं. ह्यांचा नेम खरा आहे."

मामांनी कागद माझ्या हातात परत दिला. मला हसावं की रडावं कळेना. हरणाच्या शिकारीचं सामान दहा-बारा वर्षं सुधारत बसलेल्या माणसाला त्यानं हरीण मरतं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं. मालक कधी मारत नव्हते, त्यामुळं मामा धरून चालले होते, की मोठ्या लोकांना झाडावर गप्प बसायला आवडतं. मामा एवढंच म्हणाले, "तिथं दुसरं पाणी न्हाई हो." आणि दुकानाची फळी लावून आत गेले. आतून मामींनी विचारलेलं मला ऐकू आलं, "जेवायचं न्हाई का?"

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला आम्ही चौघं तलावावर. जीप लांब ठेवली होती. अप्पासाहेबांना मामांनी आपल्या हातांनी बैठकीत बसवलं, दोर टाकला, घोंगडीची पट्टी सारखी केली. साहेब वर गेले, बसले, या बाजूला झाले, त्या बाजूला झाले. काही नाही. वरून त्यांनी खूश होऊन अंगठा दाखवला. मामा, मालक आणि मी, तिघं जरा मागं एका बांधाआड बसलो. प्रमाणपत्र माझ्या खिशात होतं, फक्त सही व्हायची होती.

हरणं आली. फाटक्या कानाची मादी पुढं, काळवीट मागं. उन्हाळ्यानं सगळी खपाटीला गेली होती. काळविटानं पाण्याला तोंड लावलं. अप्पासाहेबांनी बंदूक खांद्याला लावली आणि नेम धरायला पुढं झुकले.

कर्रर्र.

सगळ्या माळावर ऐकू गेलं. जन्मात इतका घाणेरडा आवाज मी ऐकला नाही. जुन्या बैलगाडीचा आखदेखील इतका ओरडत नाही. सगळ्या माना एकदम वर झाल्या आणि दुसऱ्या क्षणी डबक्याभोवती धुरळा तेवढा उरला. अप्पासाहेबांनी बार काढला, तो आभाळात गेला.

खाली उतरल्यावर त्यांनी आधी बैठक मामांच्या अंगावर फेकली. "हे काय आहे?"

"चामडं हाय साहेब," मामा हात जोडून म्हणाले. "उन्हाळ्यात बोलतं."

"वाजत नाही म्हणून गावभर पेढे वाटले ना?"

"वाटले खरे. हुकलं माझं."

मालक माझ्याकडं बघून म्हणाले, "माझ्या वक्ताला बी एवढं वाजलं नव्हतं." अप्पासाहेबांनी माझ्याकडून प्रमाणपत्र मागून घेतलं, त्याचे चार तुकडे केले, मालकांना जीपमध्ये घातलं आणि आम्हाला तिथंच सोडून निघून गेले.

मी मामांच्या हातातली बैठक घेऊन पाहिली. त्या बैठकीत चामड्याचा टाकाही उरलेला नव्हता, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पण नवारीच्या घडीत, पुढच्या बाजूला, चामड्याच्या दोन पट्ट्या एकमेकींवर बसवलेल्या होत्या. सोड्यानं धुऊन उन्हात वाळवून कडकडीत केलेल्या, आणि मध्ये राळ चोळलेली. बसलं तर त्या एकमेकींना लागत नव्हत्या. इकडं तिकडं हललं तरी लागत नव्हत्या. माणूस बंदूक खांद्याला लावून पुढं झुकला, तरच. मी त्या दोन पट्ट्यांकडं बघतच राहिलो. त्यांच्या हातचं एवढं अवघड काम मी दुसरं पाहिलं नाही. आणि चामडं जुनं होतं, ओळखीचं होतं. खुंटीवरच्या जिनाच्या पोटाखालून कापलेलं.

"मामा," मी म्हणालो, "वडिलांचं जीन कापलंत?"

"आसं वाजणारं चामडं आता बाजारात मिळत न्हाई."

पायी परत येताना मध्येच ते थांबले. "इतके दिवस त्या हरणांनी मला शिकवलं, मास्तर. कुठं चुकलं ते कान उचलून सांगितलं. त्यांच्याच नरड्याला कसा हात लावू?" त्यांचा आवाज फुटला. मी म्हणालो, गावात खरं काय ते मी सांगतो. त्यांनी माझा दंड असा धरला की दुखला. "सांगितलं तर साहेब दुसरी बैठक करवून घेतील. नमुना गावात हाय, कुणीबी शिवंल. वाजती म्हणूनच राहू द्या. तुमाला माझी आण हाय."

मी आण पाळली आणि गावानं मामांची सालं काढली. आमच्या गावाला करमणूक स्वस्तच लागते. कुणाचं दार करकरलं, तर "माणिकमामाकडून करून घेतलं काय?" पाटलाच्या म्हाताऱ्याचे गुडघे वाजले तरी तेच. लोक त्यांनी शिवलेली सायकलीची सीटं परत आणायला लागले. मुक्या सीटांवर कान ठेवून सांगायचे, ऐका, वाजतंय. मामा गपचूप उसवायचे, तसंच्या तसं पुन्हा शिवून द्यायचे, आणि पैसे घ्यायचे नाहीत. बंगल्याच्या त्या भिंतीवर अप्पासाहेबांनी शेवटी स्वतःचाच मोठा फोटो लावला, असं ऐकलं. पुढच्या मृगात पाणी झालं आणि हरणं पांगली. मामांच्या दुकानात मात्र गिऱ्हाईक आलं नाही. दोनेक वर्षांनी त्यांनी दुकान मोडलं आणि मामींना घेऊन बिलोलीला लेकीकडं राहायला गेले.

नंतर एकदाच भेट झाली. टायपिंगच्या परीक्षेच्या कामानं मी बिलोलीला गेलो होतो, तेव्हा पत्ता काढत त्यांच्या जावयाच्या घरी पोचलो. मामा आणखी वाळले होते. जावयाच्या हापिसातले चार जण चहाला आले होते. माझी ओळख झाली, अहमदपूरचं नाव निघालं, आणि जावई हसत म्हणाला, "मामा, ती साहेबांची गोष्ट सांगा की ह्यांना."

मामा उठून बसले. कोपऱ्यातली छत्री बंदुकीसारखी खांद्याला लावली. हरणं कशी आली, साहेबांनी अंगठा कसा दाखवला, सगळं रंगवून सांगितलं. मग पुढं झुकले आणि तोंडानं असा काही कर्रर्र आवाज काढला, की चौघांच्या हातातले कप हिंदकळले. जावई डोळे पुसत होता. एक जण म्हणाला, "म्हणजे मामा, वजन कमी केलं आणि आवाज तेवढा वाढवला." मामाही हसले.

माझ्यानं राहवेना. "अहो, पण खरं म्हणजे," एवढं मी बोललो तोच मामांचा हात माझ्या गुडघ्यावर पडला.

"हे मास्तर व्हते की तिथं," ते त्या लोकांना म्हणाले. "त्यांनाच इचारा. माझी बैठक वाजली का न्हाई?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मामाही बघत होते, आणि त्यांचा हात गुडघ्यावर तसाच होता.

"वाजली," मी म्हणालो. "लई वाजली."

मामांनी हात काढून घेतला आणि आत बघून मास्तरांसाठी अजून एक चहा टाकायला सांगितलं.